दुरुस्तीहून आलेला ट्यूब ॲम्प घरी नीट वाजत नाहीये? चॅसिस खोलायच्या आधी हे करून बघा

गिटारचा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या ट्यूबवर (वॉल्व्हवर) चालणारा ॲम्प, दुरुस्तीला दिला, दोन आठवडे थांबलो, मग फोन आला की झालाय, घेऊन जा. दुकानात वाजवून बघितला तर मस्त वाजला, पैसे दिले, रिक्षात घालून घरी आणला, गिटार लावली, स्टँडबाय (ट्यूब तापल्यावर हाय व्होल्टेज सोडणारा स्विच) ऑन केला आणि काहीच नाही. किंवा आवाज आहे पण मागे एक गुणगुण आहे जी आधी कधीच नव्हती. अशा वेळी पहिला विचार हाच येतो की दुकानदाराने फसवलं, दुसरा विचार येतो की आता आपणच खोलून बघू. दोन्ही थोडा वेळ बाजूला ठेवा.

माझा १५ वॉटचा कॉम्बो आहे (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), पॉवर सेक्शनला, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या भागाला, दोन ईएल८४ ट्यूब. पुण्यात बुधवार पेठेतून दुरुस्त करून कोथरूडला आणला आणि घरी आल्यावर आवाज एकदम बारीक आणि फाटका. मी रात्रभर अस्वस्थ होतो, दुसऱ्या दिवशी भर पावसात प्लास्टिकमध्ये गुंडाळून परत घेऊन गेलो. दुरुस्तीवाल्या काकांनी मागची फळी काढली, एक ट्यूब सॉकेटमधून अर्धी वर आली होती ती दाबून बसवली, झालं. वाटेतल्या खड्ड्यांनी आणि स्पीडब्रेकरनी ती हलली होती, दुकानाचा काही दोष नव्हता. त्यानंतर मी स्वतःसाठी एक क्रम ठरवला, तोच इथे लिहितोय, ज्यांनी आत्ताच पहिला ट्यूब ॲम्प घेतलाय त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट, ही वगळून पुढे जाऊ नका. ट्यूब ॲम्पच्या आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतं, आणि प्लग काढला तरी ते फिल्टर कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतं, कधी कधी बराच वेळ. बंद पडलेला ॲम्प सुद्धा माणसाला मारू शकतो. म्हणून या लेखात चॅसिस (सर्किट ज्यात बसवलंय ती धातूची पेटी) उघडायचं एकही काम नाहीये. मागची फळी काढून ट्यूब दिसतात तिथपर्यंतच आपली हद्द, त्याच्या आत ज्याला ते डिस्चार्ज कसं करायचं हे कुणी समोर बसवून शिकवलंय त्यानेच जायचं. आणि दुसरं, स्पीकर न लावता ट्यूब ॲम्प कधीही चालू करायचा नाही, एक मिनिटही नाही, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मरला (पॉवर ट्यूब आणि स्पीकरच्या मधला) लोड नसेल तर त्यात खूप मोठं व्होल्टेज तयार होतं आणि तो जळू शकतो, आणि ॲम्पमधला सगळ्यात महाग पार्ट बहुतेक वेळा तोच असतो.

चालू करायच्या आधी

घरी आल्या आल्या प्लग लावू नका. पावसाळ्यात किंवा डिसेंबरच्या थंडीत बाहेरून आणला असेल तर अर्धा-एक तास तसाच ठेवा, आतला दमटपणा जाऊ दे. तेवढ्यात मागून बघून घ्या.

स्पीकरची वायर जॅकमध्ये पूर्ण बसलीये का, आणि बरोबर जॅकमध्ये आहे का. दुकानात टेस्ट करताना बऱ्याचदा त्यांच्या बेंचवरच्या स्पीकरला लावतात आणि परत लावताना ८ ओहमच्या जागी १६ मध्ये किंवा एक्स्टेन्शनच्या जॅकमध्ये जाते. काही ॲम्पमध्ये एक्स्टेन्शनच्या जॅकमध्ये एकटा स्पीकर लावला तर आवाजच येत नाही. मल्टिमीटर असेल तर (तपकीर गल्लीत साधा डिजिटल स्वस्तात मिळतो, गिटार वाजवणाऱ्याकडे असायलाच हवा) स्पीकरची केबल ॲम्पमधून काढून तिच्या टोकाला ओहम मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो, १६ चा १२-१३, ४ चा ३ च्या आसपास. मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो म्हणून आकडा कमी येतो, त्याने घाबरू नका. काहीच दाखवलं नाही तर केबल तुटलीये किंवा स्पीकर गेलाय, आणि मग ॲम्प चालूच करायचा नाही. आणि ही केबल स्पीकरची केबलच हवी, गिटारची नाही. गिटारच्या शिल्डेड केबलमधली आतली तार बारीक असते, ती ॲम्पच्या पॉवरसाठी बनलेलीच नाही.

मग ट्यूब. प्रत्येक ट्यूब सरळ उभी आहे का, सॉकेटला टेकलीये का. एखादी तिरकी दिसली तर प्लग काढलेला असतानाच कापड घेऊन हळू दाबून बसवा. ट्यूबच्या काचेला आतून, वरच्या किंवा बाजूच्या भागात, चंदेरी आरशासारखा लेप असतो, तो गेटर, चंदेरी किंवा काळपट असेल तर ठीक, पण पांढरा दुधासारखा झाला असेल तर काचेतून हवा आत गेलीये आणि ती ट्यूब संपली. प्रवासात बारीक तडा गेला की हे होतं.

शेवटी व्होल्टेज. मागच्या प्लेटवर काय लिहिलंय ते वाचा, आणि सिलेक्टर असेल तर तो कुठे आहे ते बघा, कारण दुरुस्तीत तो फिरवलेला असू शकतो. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतून कुणी नातेवाइकाने आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. ५० वॉटचा ट्यूब ॲम्प भिंतीतून १५०-२०० वॉट सहज ओढतो, त्यामुळे स्टेप-डाउन ३०० व्हीएचा तरी घ्या, ५०० चा असेल तर निवांत. अजून एक, घरात प्रत्यक्ष किती येतंय ते मोजा. रात्री लोड कमी असताना माझ्याकडे २४५ येतं. २३० च्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या त्या व्होल्टेजच्या जोडणीवर) हीटरचं, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेचं, ६.३ व्होल्ट त्याने ६.७ होतं, ते चालतं, पण सिलेक्टर २२० वर ठेवला असेल तर तेच ७ च्या वर जातं आणि ट्यूब लवकर म्हाताऱ्या होतात. २२० आणि २४० असे दोन टॅप असतील तर माझ्या मते आपल्याकडे २४० च ठेवावं.

अर्थिंग, यावर जरा थांबतो

तीन पिनच्या प्लगची अर्थची पिन हम (गुणगुण) कमी होतो म्हणून काढणारे लोक मी पाहिलेत, आणि जुन्या वाड्यात, जुन्या सोसायटीत तर सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्यामागे वायरच नसते. तुमचा हात गिटारच्या तारांवर असतो, तारा ॲम्पच्या चॅसिसला जोडलेल्या असतात, आणि आत काही शॉर्ट झालं तर तो करंट अर्थमधून जाणार की तुमच्यातून, एवढाच प्रश्न उरतो. समोर माइक असेल आणि ओठ त्याला लागले तर आणखीच वाईट. त्यामुळे ॲम्प चालू असताना चॅसिसच्या स्क्रूला टेस्टर लावला आणि तो पेटला तर लगेच बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, ॲम्पवाल्या काकांना नंतर. मीटरवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसतात ते ठीक, वीस-तीस दिसले किंवा फेज आणि अर्थमध्ये काहीच दिसलं नाही तर घराची अर्थिंग नाहीच असं समजा. ॲम्पच्या किमतीपुढे इलेक्ट्रिशियनचा खर्च काहीच नाही, आणि नंतर अर्धा हम तसाच जातो.

आता चालू करा, आणि दोन मिनिटं नुसतं बघा

गिटार लावू नका, सगळे व्हॉल्यूम शून्यावर. पॉवर ऑन, स्टँडबाय असेल तर तीस सेकंद ते एक मिनिट थांबून मग तो ऑन. खोलीतला दिवा घालवा आणि मागून ट्यूब बघा. आत नारिंगी फिलामेंट दिसतंय, बरोबर. पॉवर ट्यूबच्या काचेवर निळसर उजेड खेळतोय, तेही बरोबर, खूप लोक त्याला घाबरतात. पण आतली करडी मोठी प्लेट स्वतः लाल व्हायला लागली तर ताबडतोब बंद. याला रेड-प्लेटिंग म्हणतात, ट्यूबमधून प्रमाणाबाहेर करंट जातोय, बायस (ट्यूबमधून किती करंट जाईल ते ठरवणारी सेटिंग) गेलाय किंवा एखादा कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्यात सिग्नल नेणारा) लीक आहे, आणि असा ॲम्प घरी पुन्हा चालू करून बघायचा नाही, सरळ परत न्यायचा.

वासाकडेही लक्ष द्या. पहिली दहा मिनिटं धूळ आणि सोल्डरिंगच्या फ्लक्सचा हलका वास येतो, तो जातो. जळक्या वार्निशचा, गोडसर गुदमरवणारा वास आला तर तो ट्रान्सफॉर्मर असू शकतो, बंद करा.

फ्यूज उडाला तर कधी उडाला ते लक्षात ठेवा, यातच अर्धं उत्तर असतं. स्टँडबाय ऑन करायच्या आधीच, पॉवर देताच उडाला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) किंवा हीटरच्या बाजूला गडबड. स्टँडबाय ऑन केल्यावर उडाला तर बहुतेक एखादी पॉवर ट्यूब शॉर्ट आहे किंवा हाय व्होल्टेजच्या बाजूला काहीतरी. आधी फ्यूजचा आकडा तपासा, दुकानात हाताला मिळेल तो टाकलेला असतो कधी कधी. पॅनेलवर टी२ए असं काही लिहिलेलं असतं, त्यातला टी म्हणजे स्लो-ब्लो, आणि तिथे साधा फास्ट फ्यूज टाकला तर ॲम्प चांगला असूनही चालू करतानाच उडेल. योग्य फ्यूज एकदा बदलून बघायचा, दुसऱ्यांदाही उडाला तर थांबायचं. जास्त अँपिअरचा किंवा चांदीच्या कागदाचा फ्यूज कधीच नाही, मग फ्यूजच्या जागी ट्रान्सफॉर्मर उडतो.

काका लोकांकडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे ६० किंवा १०० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब ॲम्पच्या सिरीजमध्ये. ॲम्प आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटून राहतो आणि ॲम्प वाचतो, ठीक असेल तर एकदा उजळून मंद होतो. फ्यूज उडवणारा ॲम्प घेऊन गेलात तर सिरीजवर लावून दाखवायला सांगा, तुम्हालाही समोर दिसेल.

आवाजच येत नाहीये

इथे एकच पद्धत, अर्ध्यातून तोडत जायचं. आधी पेडल सगळी काढा, दुसरी केबल, दुसरी गिटार, थेट इनपुटला. हे इतकं साधं आहे की लोक करत नाहीत आणि नंतर कळतं की केबलच तुटलेली होती. फूटस्विच लावून आणि काढून बघा, मास्टर व्हॉल्यूम वर आहे ना बघा.

मग इफेक्ट्स लूप, म्हणजे प्रीॲम्प (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारा भाग) आणि पॉवर सेक्शनच्या मध्ये पेडल जोडायची सोय. सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतात, रिटर्नच्या जॅकमध्ये आत एक छोटा कॉन्टॅक्ट असतो जो काही लावलेलं नसताना सिग्नल पुढे जाऊ देतो. पुण्याच्या पावसाळ्यात तो गंजतो, काळा पडतो, आणि आवाज कमी येतो, येतो-जातो, किंवा बंदच. एक छोटी पॅच केबल घेऊन सेंडमधून रिटर्नमध्ये लावा, आवाज परत आला तर दोष तिथेच. प्लग काढून जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, केबल दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, वाळू द्या. साधं डब्ल्यूडी-४० नको, ते या कामाचं नाही.

याच लूपने ॲम्पचे दोन तुकडे करता येतात. गिटार थेट रिटर्नमध्ये लावा (पेडल मध्ये ठेवलं तर सिग्नल जरा जोरात मिळतो). आवाज आला म्हणजे पॉवर सेक्शन, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर सगळं जिवंत आहे आणि दोष प्रीॲम्पमध्ये. नाही आला तर उलटी चाचणी, सेंडमधून केबल दुसऱ्या ॲम्पला किंवा साउंड कार्डला, अर्थात या ॲम्पचा स्पीकर लावलेलाच ठेवून. तिथे गिटार ऐकू आली तर प्रीॲम्प ठीक. पाच मिनिटांत तुम्ही काकांना सांगू शकता की दोष कुठल्या अर्ध्यात आहे, आणि त्यांचा एक तास वाचतो.

प्रीॲम्पमध्ये असेल तर ट्यूब बदलून बघायची, त्यासाठी एक चांगली १२एएक्स७ घरात ठेवा. तिलाच युरोपियन नाव ईसीसी८३, दुकानात दोन्ही नावं चालतात. ॲम्प बंद, प्लग काढलेला, पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, शिल्डचा डबा असेल तर दाबून फिरवला की निघतो, ट्यूब कापडाने धरून हलकं गोल हलवत सरळ वर ओढा. नऊ पिन असतात आणि एका ठिकाणी मोठी मोकळी जागा, ती सॉकेटशी जुळवूनच आत ढकला, जोर लावून पिन वाकवू नका. बऱ्याच ॲम्पमध्ये इनपुट जॅकच्या सर्वात जवळची ती पहिली ट्यूब, तिथून सुरू करून एकेक जागी चांगली ट्यूब लावत जा. एका वेळी एकच बदल, आणि काढलेली ट्यूब परत तिच्याच जागी. पॉवर ट्यूबचं मात्र असं करू नका, जोडीतली एक काढून किंवा वेगळीच लावून वाजवायचं नाही.

गुणगुण, सगळ्यांची आवडती तक्रार

हम आहे एवढं सांगून काहीच कळत नाही. कुठला हम ते तुमच्या कानांनी ठरवता येतं आणि गिटार वाजवणाऱ्याला तर हे फार सोपं आहे. आपल्या भिंतीतलं करंट ५० हर्ट्झचं, त्यामुळे आपल्याकडे हम दोन प्रकारचा, ५० किंवा १००. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवा, तो ९८ हर्ट्झ. तुमचा हम त्या जी ला लागून, अगदी किंचित वर असेल तर तो १०० चा. त्याच्या एक सप्तक खाली, बेसच्या खालच्या तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटजवळ (४९ हर्ट्झ) जात असेल तर ५० चा. अमेरिकन व्हिडिओत ६० आणि १२० सांगतात, ते त्यांच्या विजेसाठी, इथे तो स्वर शोधत बसू नका.

१०० चा हम म्हणजे पॉवर सप्लायचा रिपल (डीसीत उरलेली लहर), रेक्टिफायरनंतर तो दुप्पट होतो. फिल्टर कपॅसिटर थकलेत, किंवा नवे टाकलेत पण एखादा राहिलाय, किंवा त्याचा ग्राउंड नीट सोल्डर झालेला नाही. आणि एक कारण जे दुरुस्तीनंतर हमखास येतं, नव्या पॉवर ट्यूब मॅच नसणं. पुश-पुल ॲम्पमध्ये (पॉवर ट्यूब जोडीने, एकमेकींच्या उलट काम करतात तो) दोन्ही बाजूंनी सारखा करंट गेला तर रिपल एकमेकांना खोडतो, एक ट्यूब ३० मिलीअँप आणि दुसरी ४० ओढत असेल तर तो खोडला जात नाही आणि ऐकू येतो. म्हणजे कपॅसिटर नवे, ट्यूब नव्या, तरी हम, आणि कुणीच चूक केलेली नाही, फक्त जोडी जुळलेली नाही.

५० चा असेल तर हीटर, ग्राउंड लूप किंवा एखादी प्रीॲम्प ट्यूब जिच्यात हीटरमधून कॅथोडकडे गळती आहे. ती वरच्या पद्धतीने बदलून बघता येते.

त्याआधी अर्थात हे करा. गिटार काढली की हम गेला? मग तो गिटारचा किंवा केबलचा, सिंगल कॉइल पिकअप असेल तर खोलीतल्या डिमरचा, पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा, एलईडी ट्यूबलाइटचा. पंखा बंद करून बघा, गिटार घेऊन गोल फिरा, हम कमी-जास्त झाला तर ॲम्प निर्दोष आहे. इन्व्हर्टरवर चालू आहे का तेही बघा, स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर ॲम्प घाणेरडा बझ करतोच, त्यावर ट्यूब ॲम्प चालवूच नये. दुकानात शांत आणि घरी हम असं असेल तर मला तरी ऐंशी टक्के घरावरच संशय येतो, म्हणून तोच ॲम्प एखाद्या मित्राकडे, दुसऱ्या पेठेत दुसऱ्या वायरिंगवर लावून बघा, मगच दुकान गाठा.

गिटार नाही आणि तरी हम आहे, तर व्हॉल्यूम फिरवा. व्हॉल्यूमबरोबर वाढतो-कमी होतो तर दोष व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबमागच्या पार्टच्या) आधी. व्हॉल्यूम शून्यावरही तसाच राहतो तर नंतर.

शिट्टी, खरखर, फटफट

आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलला किंवा रिवाइंड केला आणि आता चालू करताच जोरात किंचाळतो, व्हॉल्यूम कितीही असो, तर जवळजवळ खात्रीने त्याच्या प्रायमरीच्या दोन वायरी उलट लागल्यात. आउटपुटचा थोडा सिग्नल उलटा करून मागे दिलेला असतो, तो निगेटिव्ह फीडबॅक होता त्याचा पॉझिटिव्ह झाला. माझ्या मित्राच्या ५० वॉटच्या हेडचं (स्पीकर वेगळा असलेला ॲम्प) हेच झालं होतं, जिथे दिला होता तिथे तीनदा ट्यूब बदलून पैसे घेतले गेले आणि शेवटी दुसऱ्याच एका काकांनी दोन वायरी अदलाबदल करून दहा मिनिटांत शांत केला. हे घरी करायचं काम नाही, पण हे वाक्य माहीत असेल तर उगाच ट्यूबचे पैसे जाणार नाहीत. फक्त व्हॉल्यूम आणि ट्रेबल वर नेल्यावरच शिट्टी येत असेल तर आत काम करताना एखादी वायर जागेवरून हललीये, इनपुटची वायर आउटपुटच्या जवळ गेलीये, किंवा एखादी ट्यूब मायक्रोफोनिक (हादऱ्याचा आवाज करणारी) आहे. नंतरचं तपासायला पेन्सिलच्या लाकडी टोकाने प्रीॲम्प ट्यूबवर हलके टक टक करा, स्पीकरमधून घंटेसारखा किंवा किणकिण आवाज आला तर तीच. थोडी टक टक सगळ्यांचीच ऐकू येते, ती ठीक आहे.

नॉब फिरवताना खरखर म्हणजे पॉट घाण. काही न करता, आपोआप चरचर होत असेल तर ट्यूब सॉकेट, ड्राय सोल्डर किंवा म्हातारा झालेला प्लेट रेझिस्टर. कॅबिनेटवर वरून मूठ आपटल्यावर चरचर बदलली तर काहीतरी सैल आहे. जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या फायबर बोर्डाच्या ॲम्पमध्ये बोर्डच ओलावा पितो आणि खरखरतो, अर्धा तास चालू ठेवल्यावर कमी झालं तर तसं नोंदवून ठेवा.

व्हॉल्यूम वाढवला की जुन्या फटफटीसारखा पुट-पुट-पुट आवाज, तो फिल्टरिंगचा दोष, कपॅसिटर बदलल्यावर आला असेल तर त्यातलाच एखादा नीट लागलेला नाही.

आवाज पातळ, बेस गायब आणि कॅबिनेटमध्ये दोन स्पीकर असतील तर एकाची पोलॅरिटी उलटी झालीये का बघा. ॲम्पची केबल काढून त्या टोकाला ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावा, दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. रिव्हर्ब गेला असेल तर खालच्या टँकच्या (स्प्रिंग असलेल्या डब्याच्या) दोन आरसीए केबल बहुतेक उलट लागल्यात किंवा निघाल्यात. ॲम्प चालू ठेवून जरा हलवा, स्प्रिंगचा ढणढणाट ऐकू आला तर टँकच्या पुढची बाजू ठीक आहे, दोष सिग्नल टँककडे पाठवणाऱ्या बाजूला.

बायसचं काय

नव्या पॉवर ट्यूब टाकल्या असतील तर दुकानात एकच विचारा, बायस किती ठेवलाय आणि प्लेट व्होल्टेज किती आहे. फिक्स्ड बायसच्या ॲम्पला (बायस हाताने सेट करायचा असतो) हे करावंच लागतं, कॅथोड बायसच्या (तो आपोआप ठरतो) बऱ्याच छोट्या ॲम्पना नाही. हिशोब सोपा आहे. ईएल३४ ची मर्यादा २५ वॉट, त्याच्या ७० टक्के म्हणजे १७.५ वॉट, प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४५०, साधारण ३९ मिलीअँप प्रत्येक ट्यूबला. हे वरचं टोक, त्याच्या खाली थोडं असेल तर छानच. ६एल६जीसी असेल तर ३० वॉट धरा. फार कमी ठेवला तर आवाज कोरडा, करकरीत येतो, फार जास्त ठेवला तर जाड वाटतो पण ट्यूब लवकर जातात. काका आकडे सांगू शकले तर तुम्ही योग्य माणसाकडे गेलात.

परत न्यायची वेळ आली तर

भांडायला जाऊ नका. ट्यूब ॲम्प हाताळणारी माणसं पुण्यात मोजकी आहेत, त्यातले काही वॉल्व्हच्या रेडिओच्या काळापासून हे करत आलेत, आणि "काका, बिघडवलात तुम्ही" याने काम होत नाही. हे असं सांगा: "काका, परवा नेला तेव्हा इथे नीट वाजला होता. घरी गिटार काढली, व्हॉल्यूम शून्य केला तरी तिसऱ्या फ्रेटच्या जी च्या जरासा वर हम राहतो. पहिली ट्यूब बदलून बघितली, फरक नाही. दुसऱ्या घरी लावला, तिथेही तेच." यावरून त्यांना कुठे हात घालायचा ते कळतं. फोनवर तीस सेकंदाचा व्हिडिओ काढून न्या, कारण दुकानात गेल्यावर ॲम्प हमखास शहाण्यासारखा वागतो. गिटार आणि केबल तुमचीच न्या.

बदललेले जुने पार्ट मागून घ्या, कामाची यादी बिलावर लिहून घ्या, आणि चॅसिस उघडलेलं असताना आतला एक फोटो काढू द्याल का विचारा, बहुतेक जण हो म्हणतात.

नेताना ॲम्प रिक्षाच्या सीटवर उभा ठेवून हाताने धरा, दुचाकीवर पायापाशी नको. हेड असेल तर पॉवर ट्यूब काढून वेगळ्या फोममध्ये गुंडाळून, कुठली कुठे होती ते मार्करने खोक्यावर लिहून न्या. मी आता मागच्या फळीच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून ठेवलाय, त्यावर तारीख, काय बदललं, बायसचा आकडा, फ्यूजचा आकडा, आणि त्या दिवशी घरचं व्होल्टेज. तिसऱ्या वेळी काकांनी फळी काढली, आधी तो कागद वाचला, आणि मग सोल्डर गन हातात घेतली.